पंप लपवू नका

"पंपाची सवय लागते बाई, एकदा धरला की सुटत नाही!" अमरावती-अकोल्याकडे दम्याचा विषय निघाला की हे वाक्य मला हमखास ऐकू येते. मुलगी लग्नाची असेल तर विचारूच नका. पाहुणे यायच्या आधी पंप कपाटात जातो. लोक काय म्हणतील, यापुढे पोरीचा श्वासही स्वस्त!

खरे तर पंपाचा जन्मच एका मुलीच्या प्रश्नातून झाला. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या रायकर औषध कंपनीचे अध्यक्ष जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या दमेकरी लेकीने विचारले, "माझे औषध स्प्रेच्या डबीत का नाही मिळत?" १९५६ मध्ये ते मिळाले.

आता हिशेब पाहा. साल्ब्युटामॉलच्या गोळीत २ ते ४ मिलिग्रॅम औषध असते, पंपाच्या एका दाबात अवघे ०.१. गोळी पोटातून, रक्तातून अंगभर फिरते; पंपाचे औषध थेट श्वासनळीत जाते. मग जास्त 'कडक' कोणते?

आपल्याकडे दम्याला निमित्तेही भरपूर. चुलीतल्या पऱ्हाट्यांचा धूर, भाव वाढेल म्हणून घरातच भरून ठेवलेल्या कापसाची धूळ. हे सोसते कोण? घरातली बाईच ना!

दम लागल्यावर आराम देणारा पंप वेगळा आणि श्वासनळीची सूज कमी ठेवणारा, रोज घ्यायचा वेगळा. बरे वाटले की दुसरा बंद होतो आणि दमा पुन्हा उसळतो. नुसत्या आराम देणाऱ्या पंपावर दिवस ढकलू नयेत, असे दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनाही २०१९ पासून सांगतात. तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय पंप बंद करू नका. तो घ्यायचा कसा, हे त्यांच्यासमोरच घेऊन दाखवा. दाबणे आणि श्वास ओढणे जुळत नसेल तर स्पेसर मागा. सुजेवरचा पंप घेतल्यावर चूळ भरा. आणि पंप घेऊनही दम थांबेना, एक वाक्य सलग बोलता येईना, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. अमरावतीत इर्विन आहे, अकोल्यात सर्वोपचार आहे.

चष्मा लावणाऱ्या मुलीला चष्म्याचे व्यसन लागले, असे आपण म्हणतो का? मग पंपालाच नावे का? मला विचाराल तर, सोयरिकीच्या बैठकीत ही गोष्ट आईनेच मोकळेपणी सांगावी. जे घर सुनेचा पंप बघून मागे फिरते, तिथे तिचा श्वास एरवीही कोंडलाच असता.