स्कूटरवरून विकलेला अल्बम: घरी गाणं रेकॉर्ड करणाऱ्या एकट्या कलाकाराला स्ट्रीमिंग का परवडत नाही?

१९८४ सालची गोष्ट. गोव्यातल्या शिवोली गावात एक माणूस स्वतःच्या घरी अख्खा अल्बम रेकॉर्ड करतो. गाणी त्याची, आवाज त्याचा, वाद्यंही त्यानंच वाजवलेली. कव्हरचं चित्रही तोच काढतो. मग कॅसेट स्कूटरवर लादून गोवाभरच्या दुकानांत स्वतः पोचवतो.

अल्बमचं नाव 'गोअन क्रेझी'. कलाकार रेमो फर्नांडिस. मुंबईत आर्किटेक्चर शिकलेले, मग युरोप आणि उत्तर आफ्रिकेत फिरून गावी परतलेले. हिंदी सिनेमातून देशाला ते ठाऊक झाले ते यानंतर, आणि पद्मश्री मिळाली २००७ मध्ये.

आज हातातल्या मोबाइलवर त्याहून साफ रेकॉर्डिंग होतं. गाणं जगभर पोचवायला स्कूटरही लागत नाही. तरीही मालवणीत किंवा अहिराणीत आपल्या धाटणीचा अल्बम काढणाऱ्याच्या हातात त्यातून फारसं काही पडत नाही. असं का होतं?

चार ट्रॅकमध्ये अख्खा बँड

रेमो यांच्याकडे होता फोर-ट्रॅक रेकॉर्डर. म्हणजे एकाच टेपवर चार वेगवेगळे आवाज शेजारीशेजारी नोंदवायची सोय. पहिल्या ट्रॅकवर गिटार वाजवायची, टेप मागे न्यायची, कानाला हेडफोन लावून ती ऐकत दुसऱ्या ट्रॅकवर बासरी, तिसऱ्यावर ताल. पण चार ट्रॅक संपले की पुढे काय? मग भरलेले तीन ट्रॅक एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे आणि ते तीन पुसून पुन्हा वापरायचे. दर वेळी टेपची खरखर थोडी वाढायची. शिवाय एकदा एकत्र झालेले आवाज पुन्हा सुटे करता येत नसत. चूक राहिली तर राहिली.

पूर्वी असं काम मोठ्या स्टुडिओतच व्हायचं. १९७९ मध्ये साध्या कॅसेटवर चार ट्रॅक देणारा 'पोर्टास्टुडिओ' बाजारात आला आणि हे तंत्र घराघरांत जायला लागलं. भारतात त्याच सुमारास कॅसेटनं ग्रामोफोन कंपनीची मक्तेदारी मोडली. महाराष्ट्रात प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज याच कॅसेटवरून वस्त्यावस्त्यांत पोचले. पण तिथे मधे कंपनी होती. रेमो यांनी तीही काढून टाकली. (एका अर्थी हा वेडेपणाच. अल्बमच्या नावातच त्याची कबुली आहे.)

गोव्याच्या संगीतात मुळातच सरमिसळ आहे. मांडो घ्या. शब्द कोकणी, चाल युरोपीय वळणाची, साथीला व्हायोलिन आणि मातीचं घुमट. त्यामुळे इंग्रजीत गाणारा, रॉक वाजवणारा, पण विषय आणि विनोद गोव्यातलेच असणारा माणूस तिथल्या ऐकणाऱ्याला परका वाटला नाही. त्या काळातलं त्यांचं एक गाणं तर टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलला उद्देशून आहे. फोन लागत नसे त्या दिवसांत ते कुणाला समजावून सांगावं लागलं नसेल!

मग आज अडतं कुठे?

कॅसेटचा हिशेब सोपा होता. पाचशे लोकांनी घेतली तर पाचशे वेळा पैसे आले. घेणाऱ्यानं ती एकदा ऐकली की झिजेपर्यंत ऐकली, यानं फरक पडत नव्हता.

स्ट्रीमिंगमध्ये तुम्ही अल्बम विकत घेत नाही. वर्गणी आणि जाहिरातींचा पैसा एका मोठ्या गंगाजळीत जातो आणि एकूण ऐकण्यात ज्याचा जितका वाटा, साधारण त्या प्रमाणात तो वाटला जातो. म्हणजे तुम्ही महिनाभर एकाच मालवणी गायकाला ऐकलंत, तरी तुमची वर्गणी त्याच्याकडे जात नाही. ती जगातल्या सगळ्या गाण्यांच्या ढिगात मिसळते.

त्यात २०२४ पासून स्पॉटिफायचा नवा नियम आहे. मागच्या १२ महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगच्या रॉयल्टीतून काहीच मिळत नाही. समजा, एका अल्बममध्ये १२ गाणी आहेत आणि प्रत्येक वर्षभरात ९०० वेळा ऐकलं गेलं. एकूण १०,८०० वेळा. मिळकत शून्य. गीतकार-संगीतकाराची रॉयल्टी वेगळी, तिला हा नियम लागू नाही.

कंपनीचीही बाजू आहे. अशा गाण्यांचे महिन्याला काही सेंटच होतात, ते बहुतेकदा कलाकारापर्यंत पोचतच नाहीत आणि वाचलेला पैसा इतर गाण्यांना जातो, असं ती सांगते. हिशेब म्हणून हे बरोबरच आहे. पण 'इतर गाणी' म्हणजे जास्त ऐकली जाणारी गाणी. छोट्याचे थेंब मोठ्याच्या घागरीत, असाच त्याचा अर्थ.

वर गर्दी वाढतेय. डीझर या फ्रेंच सेवेनं एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं की, त्यांच्याकडे रोज येणाऱ्या गाण्यांपैकी १८ टक्के, म्हणजे २० हजारांहून अधिक, पूर्णपणे एआयनं बनवलेली असतात. त्याच वर्षी 'द वेल्व्हेट सनडाउन' या 'बँड'ला स्पॉटिफायवर महिन्याला दहा लाखांहून अधिक श्रोते मिळाले. पुढे कळलं की गाणी एआयच्या मदतीनं केलेली होती आणि फोटोतली माणसं खरी नव्हतीच. या ढिगात ग्रॅहम बेलशी भांडणारं गाणं कुठल्या प्लेलिस्टमध्ये बसणार? 'पावसाळी मूड' की 'जिम'?

माझ्या मते खरी अडचण इथे आहे. चाळीस वर्षांत रेकॉर्डरची किंमत जवळजवळ शून्यावर आली. पण ऐकणाऱ्याच्या दारापर्यंत नेणारी स्कूटर कलाकाराच्या हातून गेली.

एक गोष्ट मात्र अजून हातात आहे

भारतीय कॉपीराइट कायद्यात रेकॉर्डिंगचा पहिला मालक साधारणपणे त्याचा निर्माता असतो. कंपनीनं खर्च केला तर कंपनी, स्वतःच्या पैशानं घरी केलं तर कलाकारच. २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा पक्का केला, पण रेकॉर्डिंगची मालकी निर्मात्याकडेच राहिली. हा हक्क ६० वर्षं टिकतो. १९८४ मध्ये बाजारात आलेल्या रेकॉर्डिंगचा हक्क २०४४ अखेरपर्यंत चालतो. म्हणून व्हिडिओ कंपनी 'गाणं आम्ही व्हायरल करतो, फक्त इथे सही करा' म्हणाली, तर आधी तो कागद पूर्ण वाचा.

आणि ऐकणाऱ्यांनी काय करायचं? कार्यक्रम संपल्यावर कलाकाराच्या टेबलावर यूपीआयचा क्यूआर कोड असतो, शेजारी पेन ड्राइव्ह किंवा अल्बमची लिंक. तिथे ५०० जणांनी १०० रुपये दिले तर ५० हजार होतात, आणि त्याला १,००० वेळा ऐकण्याची अट नाही.