अर्ज आपला, पासवर्डही आपलाच हवा



दहावी-बारावीचे निकाल लागले की वसई, नालासोपारा, विरारच्या सायबर कॅफेंपुढे गर्दी होते. आपल्या भुईगावची मुलेही त्यात असतात. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, सारे अर्ज आता ऑनलाइन. दुकानदार पैसे घेऊन अर्ज भरतो, पावती देतो आणि आईबापांना वाटते, काम झाले.

खरे काम तर तिथून पुढे असते. महाडीबीटीवर भरलेला शिष्यवृत्तीचा अर्ज आधी कॉलेजकडे, मग समाजकल्याण खात्याकडे जातो. कागद अस्पष्ट असेल किंवा एखादा दाखला चुकला असेल तर तो दुरुस्तीसाठी परत येतो. ही सूचना पोस्टाने घरी येत नाही, लॉगिन उघडून पाहावी लागते. पासवर्ड दुकानदाराच्या वहीत आणि मोबाईल नंबरही त्याचाच, मग आपल्याला कळणार कसे? तोवर मुदत निघून जाते. बँक खाते आधारशी जोडलेले नसेल तर मंजूर झालेले पैसेही अडकतात.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. आपल्या मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनी सरकारशी भांडून तरतुदी करून घेतल्या. त्या हक्काचे पैसे एका ओटीपीपायी बुडावेत, ही खेदाची बाब आहे.

यात आईबापांचा दोष नाही. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या शहरांत शंभरापैकी सुमारे २३ घरांत संगणक होता, खेड्यांत जेमतेम ४ घरांत. आता मोबाईल बहुतेक घरी आला. पण व्हिडिओ पाहणे निराळे आणि कागद स्कॅन करून अर्ज भरणे निराळे.

केरळात मलप्पुरम जिल्ह्याने २००२ साली घरटी एकाला संगणक शिकवण्याचे काम हाती घेतले. केंद्र सरकारनेही २०१७ मध्ये घरटी एकाला २० तास शिकवण्याची योजना आणली. ती फक्त ग्रामीण भागासाठी होती आणि मार्च २०२४ मध्ये संपली. योजना संपली तरी घरटी एक ही कल्पना आपण उचलू शकतो.

आपल्या वस्तीत कॉलेजला जाणारी मुले-मुली आहेत. त्यांनी रविवारी दोन तास विहारात बसावे. चार मोबाईल, एखादा जुना लॅपटॉप पुरे. लॉगिन उघडणे, अर्जाची स्थिती पाहणे, पासवर्ड बदलणे, एवढे आधी शिकवावे. घरकाम करणाऱ्या आयाबहिणींना पुढे बसवावे, कारण मुलांच्या कागदांची पिशवी त्यांच्याच हाती असते.

आणि आजपासून एवढे पाळा. अर्जात नंबर घरचाच द्या. पासवर्ड घरच्या वहीत लिहा. दर आठवड्याला अर्ज उघडून पाहा. फोनवर कुणी ओटीपी मागितला तर तो बँकेचा साहेब म्हणवत असला तरी देऊ नका.

शिकण्याची लाज कसली? अंगठ्याच्या जागी सही करायला आपल्या आजोबांनी प्रौढपणीच शिकून घेतले होते.

जयभीम!