उपयोग काय?

परवा चिंचवडला पूजेच्या जेवणात नातीला पुन्हा तोच प्रश्न आला. ती गणितात संशोधन करते, नियमित जाळीवरच्या लहरींचं. "चाकणला याचा उपयोग काय?" विचारणारे आपलेच, कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. नाव लिहीत नाही, ते हा ब्लॉग वाचतात. पंगत हसली, पोर गप्प बसली.

मी मराठीचा बी.ए., पण तिनं मलाही समजेल असं सांगितलं. कवायतीला मुलं सारख्या अंतरावर उभी, प्रत्येकाचा संबंध फक्त शेजाऱ्याशी. अशा रांगेतून काही लहरी खुशाल जातात, काहींना मज्जाव. एखादा मुलगा जागा चुकला की लहर तिथे विखुरते.

स्फटिकातल्या अणूंची रांग अशीच. त्यातून इलेक्ट्रॉन कसा जातो, हे फेलिक्स ब्लॉखनं १९२८ साली मांडलं. १९३१ मध्ये विल्सननं त्यावरून अर्धवाहक उलगडले. १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर आला. १९२८ साली ब्लॉखला कोणी उपयोग विचारला असता, तर तो काय सांगणार होता? साहेब, तुमच्या सीएनसी मशीनचा मेंदू त्याच मज्जावावर चालतो!

नातीच्या प्रमेयातून काही निघेल, न निघेल. मी आयुष्यभर कविता शिकवली, हाच प्रश्न मलाही विचारला गेला आणि मीही गप्प बसलो. ती चूक आता पुन्हा करणार नाही.

असो. पुढच्या पंगतीत मी तिच्या शेजारी बसणार आहे.