होरीला कोणी मारले?

प्रेमचंदांच्या ‘गोदान’मधील (१९३६) होरीला सोशिकतेचा पुतळा ठरवून त्याच्यापुढे हात जोडण्याची रीत साहित्यसमीक्षेत रूढ झाली आहे. त्याची धर्मनिष्ठा, त्याचे मातीवरील प्रेम यांचे गोडवे गायले जातात. त्याच्या डोक्यावरील कर्ज मात्र जणू दैवानेच लादले होते! ही समीक्षा करुणेचा आव आणून शोषणावर पांघरूण घालते.

वस्तुतः प्रेमचंदांनी दैवाला सबब म्हणून उभेच राहू दिलेले नाही. अवधमधील बेलारीचा होरी कसतो ती जमीन जमीनदाराची. गरोदर झुनियाला आसरा दिला म्हणून पंच दंड ठोठावतात आणि खळ्यावरचे धान्य त्यांच्याकडे जाते. ऊस कारखान्यावर जातो, पण त्याचे पैसे घरापर्यंत पोचत नाहीत. सावकार वाटेतच गाठतात. अखेर शेतकऱ्याचा मजूर होऊन होरी राबता राबता कोसळतो. धनियाचे वीस आणे गोदान म्हणून स्वीकारणारा दातादीन पुरोहित आहे आणि सावकारही आहे. ‘सवा सेर गेहूँ’मधील शंकरचे सव्वा शेर गहू सात वर्षांत साडेपाच मण होतात आणि तो वेठबिगार बनतो. खंड, व्याज आणि धर्म यांची ही अभद्र युती आहे.

उत्तर प्रदेशात १९५० च्या कायद्याने जमीनदारी संपली, सबब होरीही इतिहासजमा झाला, असे सांगणाऱ्यांनी संजीव यांची ‘फाँस’ (२०१५) वाचावी. हिंदीतील ही कादंबरी विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर आहे. २०१९ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातील ५०.२ टक्के शेतकरी कुटुंबे कर्जबाजारी आढळली. प्रत्येक शेतकरी कुटुंबामागे सरासरी ७४,१२१ रुपये कर्ज होते. जमीनदार गेला, कर्ज राहिले.

परंतु समाजवाद्यांनाही एक प्रश्न टाळता येणार नाही. ‘गोदान’मध्ये सिलिया ही दलित स्त्री मातादीनच्या खळ्यावर राबते, तिने शेरभर धान्य दुसरीला दिले, तर तेही तो परत घेतो. जिच्याजवळ विकायला धान्यच नाही, तिला हमीभावाच्या घोषणेतून काय मिळणार? शेतमालाच्या भावासाठी मोर्चा काढणारा पक्ष शेतमजुराच्या मजुरीबाबत मौन पाळत असेल, तर त्याने प्रेमचंदांचे नाव घेऊ नये.

पक्षाच्या अभ्यासवर्गांत ‘गोदान’ जरूर वाचावे. पण ते होरीसाठी हळहळण्याकरिता नको. आपल्या गावातील होरीचे कर्ज कोणाच्या खतावणीत आहे आणि सिलियाची मजुरी कोणी बुडवली आहे, याचा शोध घेऊन लढा उभारण्याकरिता ते वाचले पाहिजे.