पेठ उचलून नेता येत नाही

ठाणाकुशनूरचा एखादा गृहस्थ आठवड्याच्या ऐन मध्यावर काही कामासाठी कोल्हापुरात आला आणि चारच्या सुमारास राजर्षी शाहू स्टेडियमवरून जाऊ लागला, तर आतल्या आरोळ्या ऐकून आज येथे कसला सण आहे, असे विचारल्यावाचून तो राहणार नाही. सण नसतो. साधा बुधवार असतो. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ, किंवा दिलबहार आणि खंडोबा तालीम यांचा फुटबॉलचा सामना चाललेला असतो, आणि त्यासाठी माणसे हातातली कामे आटोपून, काही न आटोपताही, पायऱ्यांवर दाटीने बसलेली असतात.

देशाच्या फुटबॉलची जी अधिकृत शिडी आहे, तिच्यात या सामन्याला पायरी नाही. तो जिंकला म्हणून कोणी संघ इंडियन सुपर लीगमध्ये जाऊन बसत नाही. स्थानिक लीग आहे, तिच्या जोडीला निरनिराळ्या नावांचे बाद पद्धतीचे चषक आहेत, आणि हरल्याचे दुःख किंवा जिंकल्याची मिजास पेठेच्या वेशीपर्यंत पोहोचली की बहुधा तिथेच थांबते. व्यवहारी माणूस म्हणेल, मग एवढा आटापिटा कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर सध्याच्या घडामोडींनीच दिले आहे, असे आम्हांस वाटते.

2025 च्या जुलै महिन्यात इंडियन सुपर लीगचा पुढचा हंगाम स्थगित करण्यात आला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीग चालविणारी कंपनी यांच्यातील व्यापारी कराराची मुदत संपत आली होती, नव्याचा पत्ता नव्हता, आणि करार नाही म्हणून खेळही नाही, असा तो सरळ हिशेब होता. खेळाडू होते, मैदाने होती, प्रेक्षकही होते. फक्त कागद नव्हता. तेवढ्यासाठी देशातील सर्वांत श्रीमंत स्पर्धा कित्येक महिने सुरू होऊ शकली नाही. पेठेच्या संघाला असा कागद लागत नाही, म्हणून तो कागदाच्या अभावी बंदही पडत नाही.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. पुण्याचा व्यावसायिक संघ 2019 मध्ये बंद झाला आणि त्याच्या जागी हैदराबादचा नवा संघ उभा राहिला. या हैदराबाद संघाने 2022 च्या मार्चमध्ये गोव्यात अंतिम सामना जिंकून अजिंक्यपद मिळविले. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव, जो 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तोही त्या हंगामात याच संघात होता. आणि 2025 मध्ये हाच संघ हैदराबाद सोडून दिल्लीस गेला, नावासकट बदलला. सहा वर्षांत पुणे, हैदराबाद, दिल्ली! फिरत्या नाटक कंपनीलाही एवढी घाई नसे. आणि ती कंपनी निदान जुन्याच नावाने परत तरी येई. ज्या हैदराबादकरांनी त्या संघासाठी घसा बसवून घेतला, त्यांनी आता कोणासाठी ओरडावे?

हैदराबादला हा घाव नवा नाही, आणि येथेच ठाणाकुशनूरचा संबंध येतो. औराद भागातले हे गाव आज कर्नाटकात, बिदर जिल्ह्यात आहे. पण 1948 पर्यंत ते निजामाच्या मुलखात होते आणि 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात. तिथल्या मराठी माणसाची राजधानी मुंबई नव्हती, बंगळूरही नव्हती. ती हैदराबाद होती. आणि त्या काळी हैदराबाद ही भारतीय फुटबॉलचीही एक राजधानीच होती. हैदराबाद सिटी पोलीस संघाने 1950 पासून 1954 पर्यंत सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. त्या संघाचे गुरू सय्यद अब्दुल रहीम पुढे भारतीय संघाचे गुरू झाले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना झाली, जुन्या बिदर जिल्ह्याचे तुकडे पडले, उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात आले आणि औराद, भालकी, हुमनाबाद म्हैसूरकडे गेले. त्यानंतर बरोबर एका महिन्याने, 1 डिसेंबरला, रहीम यांच्या संघाने मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला 4-2 असे हरविले. नेव्हिल डिसूझाने त्या दिवशी तीन गोल केले आणि भारत त्या स्पर्धेत चौथा आला. त्या संघात हैदराबादचे अनेक खेळाडू होते. त्यांचे राज्य मात्र नकाशावर उरले नव्हते.

रहीम यांनी 1962 साली जाकार्तात आशियाई सुवर्णपदक मिळवून दिले आणि 1963 मध्ये ते निवर्तले. पुढे हैदराबादचे फुटबॉल उतरणीला लागले, त्याची कारणे अनेक सांगता येतील. आम्हांस त्यातले एक महत्त्वाचे वाटते. तो खेळ प्रामुख्याने एका खात्याच्या आश्रयावर मोठा झाला होता. खाते नोकरी देते, शिस्त देते, बूट देते; हे उपकार लहान नव्हेत. पण खात्याचे धोरण बदलते, साहेब बदलतात, भरतीचे नियम बदलतात. आश्रय देणारा हात मागे गेला की त्याच्या आधाराने उभे राहिलेले वेलासारखे खाली येते.

हे दुःख गाण्याच्या क्षेत्रातील माणसाला कोणी समजावून सांगायला नको. शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना कोल्हापुरात आणले आणि जयपूर-अत्रौली गायकीला येथे घर मिळाले. 1922 मध्ये महाराज गेले, आणि खाँसाहेबांनी मुंबई जवळ केली. यात कोणाचा दोष नाही. गवई आपले गाणे गळ्यात घेऊन हिंडतो. जिथे कान आणि भाकरी दोन्ही मिळतील तिथे तो जातो. 1949 मध्ये संस्थान विलीन झाले आणि दरबारी नेमणुकांचे युग संपले. त्यानंतरही कोल्हापुरात गाणे टिकले, ते 1883 पासून चालत आलेल्या देवल क्लबसारख्या संस्थांमुळे आणि तिथे पदरचे पैसे घालून येणाऱ्या श्रोत्यांमुळे. दरबार गेला तरी श्रोता राहिला, म्हणून तानपुरा राहिला.

फुटबॉललाही या शहरात राजघराण्याने हात दिला, आणि तो आजही मागे घेतलेला नाही. पण खेळाची खरी नेमणूक तालमींकडे झाली. या तालमी मुळात कुस्तीच्या. पेठेतील पोराने तिथे अंग कमवावे, मोठ्यांचा शब्द मानावा, उत्सवात राबावे, अशी ती रीत. फुटबॉल आला तेव्हा त्याला नवी संस्था काढावी लागली नाही. तालमीच्या दारातून तो आत आला आणि घरचाच झाला. म्हणून येथे संघाला मालक नाही. आहेत ते वाटेकरी. मैदानावरचा पोरगा सकाळी कोणाच्या तरी दुकानात दिसलेला असतो. त्याच्या हातून चेंडू सुटला तर त्याला दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर जाब द्यावा लागतो. त्याचा संघ कोणी दिल्लीला नेऊ शकत नाही, कारण पेठ उचलून नेता येत नाही.

एवढे म्हटल्यावर उलट बाजूही पाहिली पाहिजे. नाहीतर हे कौतुक फुकाचे ठरेल. पेठेच्या अभिमानाला ईर्षेची धार असते आणि ती धार पुष्कळदा मैदानाबाहेर चालते. हुल्लडबाजी, शिवीगाळ, दगडफेक, त्यामुळे थांबवावे लागलेले सामने आणि पोलिसांचा बंदोबस्त, हेही कोल्हापूरच्या फुटबॉलचेच चित्र आहे. ज्या घरातील बायामुलींना सामना पाहण्याची हौस आहे, त्यांनी या भाषेमुळे घरी बसावे, ही शरमेची गोष्ट आहे. प्रतिस्पर्धी नाहीसा झाला तर आपला संघ कोणाशी खेळणार, एवढे साधे भान ज्याला नाही, तो आपल्या तालमीचाही समर्थक नव्हे. सवालाला जवाब देणारा समोर असतो म्हणूनच मैफल रंगते.

दुसरा धोका अधिक गोड आहे, म्हणून अधिक वाईट. राजाश्रय गेला, त्याच्या जागी पुढाऱ्यांचा आश्रय आला आहे. चषकांना नावे त्यांची, बक्षिसांच्या रकमा त्यांच्या, फलकांवर चेहरेही त्यांचेच. पैसा आला की बाहेरगावचे, क्वचित आफ्रिकेतील खेळाडू आणून सामना जिंकण्याचा मोह होतो. बाहेरचा चांगला खेळाडू यावा, त्याच्याकडून पोरांनी शिकावे. घराण्यातही परके गुण घेतले जातात. परंतु अकरा जणांत पेठेचे पोर शोधावे लागू लागले, तर संघ नावापुरताच तालमीचा राहील. आज जो चषक देतो तो उद्या निवडणूक हरल्यावर देईलच असे नाही. तेव्हा चषक घ्यावा, पण संघ त्याच्या स्वाधीन करू नये.

आता ठाणाकुशनूरसारख्या गावांनी यातून काय घ्यावे? त्यांचे राज्य दहा वर्षांच्या आत दोनदा बदलले, राजधानी बदलली, सरकारी कागदाची भाषा बदलली. मोठ्या शहरातला संघ आपला मानावा, तर त्याचा मुक्काम उद्या कुठे असेल याचा भरवसा नाही. अशा ठिकाणी गावाचा स्वतःचा संघ ही चैन नव्हे. तो गावाला आपले म्हणता येईल असा एक हक्काचा ठेवा आहे. त्याला फार काही लागत नाही. अतिक्रमणातून वाचविलेली एक मोकळी जागा, आठवड्यातली ठरलेली एक संध्याकाळ आणि हरविण्याजोगे एक शेजारचे गाव, एवढे पुरे. त्या मैदानात मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारी पोरे एकाच संघात असतील, आणि चेंडू मागण्यासाठी तिघांनाही एकच आरोळी पुरेल. पण ती संध्याकाळ मोडता कामा नये. रियाज जसा उत्सवाच्या दिवशी नव्हे तर आडवारी केल्यानेच गळ्यात उतरतो, तसाच खेळही बुधवारच्या साध्या सामन्यातूनच गावात मुरतो.