जेट स्की पाणी पिते

कोकणातल्या देवबागला एका पोराने माझ्या मनगटाला लाल दोरी अडकवली, तिचं दुसरं टोक जेट स्कीच्या बटणाला लावलं आणि म्हणाला, "तुम्ही पडलास तर दोरी सुटतली नि मशीन बंद पडतली." मग मागे बसून त्याने दुसरी ताकीद दिली. वळताना गॅस सोडायचा नाही. गॅस सोडला की हँडल कितीही फिरवा, जेट स्की सरळच जाते.

कर्ली नदी समुद्राला मिळते त्याच्या अलीकडे वाळूचा एक पट्टा आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर तो वर आला असं सांगतात, म्हणून त्याचं नाव त्सुनामी आयलंड. तिथे दहा मिनिटांचा फेरा मारून आम्ही परत आलो. उतरल्यावर त्या पोराने मशीन वाळूवर ओढली, पोटाखाली हात घातला आणि मासेमारीच्या जाळ्याचा तुटका नायलॉन धागा ओढून काढला. जेट स्कीला बाहेर पंखा नसतो, सुकाणू नसतं. पोटाखालच्या जाळीतून ती नदीचं पाणी आत ओढते, आतल्या पात्याने दाबते आणि मागच्या तोंडातून जोरात फेकते. हँडल वळवलं की ते तोंड वळतं. म्हणून गॅस नसेल तर वळणही नाही. पाण्यात चिंधी असली, पिशवी असली, वेल असली, तर ती जाळीत जाऊन बसते आणि मशीनचा दम कोंडतो. होडी पाण्यावर तरंगते, जेट स्की मात्र पाणी पीत चालते. ही गोष्ट मला त्या दिवशी कळली आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

दुपारी नदीकाठच्या एका घरात जेवलो. तळलेला बांगडा, तांदळाची भाकरी, सोलकढी. पायाखाली वाळू, दहा पावलांवर पाणी, आणि वास फक्त माशाचा नि खोबऱ्याचा. बरोबर माझी भाची होती, इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ती म्हणाली, "मावशी, आपल्या शहराचं तर नावच नदीवरून आहे. मग आपल्याकडे हे का नाही?"

मी नागपूरच्या प्रतापनगरात राहते. चार वळणांवर सोनेगावचा तलाव आहे, सहकारनगरच्या बाजूने पोहरा नदी जाते, आणि तरी आमच्या घरी 'नदीवर जाऊ' हे वाक्य कधी कोणी बोललेलं मला आठवत नाही. तिला उत्तर द्यायचं म्हणून जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही दोघी ॲक्टिव्हावर नाग नदी बघायला निघालो. ठरवलं असं की जेट स्कीने निघालो असतो तर जिथून गेलो असतो तिथूनच जायचं, पूल आला की थांबायचं, आणि काठावर बसून खाता येईल अशी जागा शोधायची.

माटे चौक ओलांडून अंबाझरीला पोहोचलो. नाग नदी वाडीजवळच्या लाव्हा गावच्या टेकड्यांत उगम पावते आणि अंबाझरीत येते. हा तलाव १८७० मध्ये शहराला पाणी पुरवण्यासाठी बांधलेला. सांडव्याखाली नदी शहरात शिरते आणि साधारण सतरा किलोमीटर शहरातून जाते. सकाळच्या उन्हात तलाव सुंदर दिसत होता, काठाला जलपर्णीचा हिरवा थर होता. भाचीने तो बघितला आणि म्हणाली, "इथेच जाळी तुंबेल."

पंचशील चौकाच्या पुलावर थांबलो. खाली पाणी घोटाभर. जेट स्कीला निदान तीन फूट तरी पाणी लागतं, नाहीतर ती रेती आणि दगड गिळते. पण खोलीपेक्षा मला काठ जास्त खुपला. रामदासपेठेसारख्या भागात नदीला लागून इमारती आहेत, आणि सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे. नदीच्या बाजूला एक्झॉस्ट पंखे, पाण्याच्या टाक्या, पाइप. एक खिडकी उघडी दिसली, तिच्यातून कोणीतरी फडकं झटकत होतं. पुढे मोक्षधाम, मग अशोक चौक. तिथे पोचेपर्यंत दहा वाजले होते. तर्री पोहे खाल्ले, पण नदीपासून बऱ्याच आतल्या गल्लीत, कारण पुलाजवळ उभं राहून घास घशाखाली उतरला नसता. पार पारडीपर्यंत गेलो. सतरा किलोमीटरांत नदीकडे तोंड करून मांडलेली एकही खुर्ची आम्हाला दिसली नाही.

शहराने नदीकडे पाठ केली असं म्हणताना मला २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवते. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी ओसंडला, आणि नाग नदी अंबाझरी लेआउटच्या घराघरांत शिरली. त्या सकाळी नागपूरच्या रस्त्यांवर खरोखर बोटी चालल्या, माणसं वाचवायला. माझी एक मैत्रीण पलंगावर स्टूल, स्टुलावर सासूबाई, अशी चार तास उभी होती. पाणी ओसरल्यावर भिंतीवर छातीइतक्या उंचीला काळी रेघ राहिली. तिने अजून ती पुसलेली नाही.

नाग नदीचं पाणी पारडीला संपत नाही. पिली नदी तिला मिळते, मग ती कन्हानला जाते आणि कन्हान वैनगंगेला. तो संगम कुही तालुक्यातल्या अंभोऱ्याला आहे. म्हणून फेब्रुवारीत आम्ही अंभोऱ्याला गेलो. विदर्भात पाण्यावर फिरून काठावर जेवता येईल अशी ही एक जागा. टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ आहे. शके १११० मधला मुकुंदराजांचा 'विवेकसिंधू' इथेच लिहिला गेला असं इथली माणसं मानतात. १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या गोसेखुर्द धरणाचं पाणी इथपर्यंत पसरलंय. त्याने कित्येक गावं उठवली, आणि त्याच पाण्यावर आता पर्यटक येतात. २०२४ पासून सातशे मीटरचा तारांवर तोललेला पूल आहे, वर लिफ्टने जायची गॅलरी आहे. गर्दी भरपूर होती.

आम्ही मोटारबोट घेतली. नावाडी ढिवर, वय साठीचं, बोलणं कमी. संगमावर त्याने हाताने दाखवलं, ही वैनगंगा, ही कन्हान. मग इंजिन बंद करून पंखा वर उचलला आणि चाकूने जलपर्णीचं मूळ आणि त्यात गुंतलेली पातळ पॉलिथिन पिशवी कापून काढली. "दिवसातून तीन-चार डाव करा लागते," म्हणाला. जलपर्णी सांडपाण्यावर पोसते, आणि कन्हानमध्ये सांडपाणी कुठून येतं हे आम्ही नुकतंच ॲक्टिव्हावरून बघून आलो होतो. भाची पाण्याकडे बघत राहिली.

भांडेवाडीला शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, हे नागपूरने चांगलं काम केलं आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. नाग नदीच्या प्रदूषणमुक्तीसाठी १,९०० कोटींहून मोठ्या प्रकल्पाची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ ला पंतप्रधानांनी नागपुरात केली. पॅरिसमध्ये सीन नदीत पोहायला १९२३ पासून बंदी होती, ती २०२५ च्या उन्हाळ्यात उठली. त्यांना शंभर वर्षं लागली. अहमदाबादने साबरमतीत नर्मदेच्या कालव्याचं पाणी सोडून ते अडवलं आणि काठ बांधला. दुसऱ्या नदीचं पाणी आणून आपली नदी भरायची, हा मार्ग मला पटत नाही. अंबाझरीच्या पाखरांमध्ये जेट स्की फिरावी असंही मला वाटत नाही. पण पंचशील चौकाच्या पुलाखाली वर्षभर वाहतं, वास नसलेलं पाणी असावं, काठावर एक पोह्याची गाडी नदीकडे तोंड करून उभी असावी, एवढं मला मनापासून हवं आहे. त्यासाठी आधी माझ्या मोरीतलं पाणी कुठल्या नळीतून कुठे जातं हे मला माहीत पाहिजे. महिनाभर विचारते आहे, गल्लीतल्या प्रत्येकाने वेगळी दिशा दाखवली.

अंभोऱ्याला काठावर एका मांडवात जेवलो. समोर तळलेली मासोळी, झिंग्यांचा लालभडक रस्सा, ज्वारीची भाकर, कांदा. चव अजून जिभेवर आहे. जेवण झाल्यावर भाची सवयीने उठली आणि तेलकट हात घेऊन पाण्याकडे चालू लागली. देवबागला तिने तसेच धुतले होते. चुलीशी बसलेली बाई लगबगीने उठली.

"तिथं नका धुऊ जी," ती म्हणाली, आणि प्लास्टिकचा जग पुढे केला. "हे घ्या. बोअरचं आहे."