मूड नाही, ऊन नाही!

हिवाळा म्हटलं की आपल्याला हुरडा, शेकोटी आणि गुलाबी थंडी आठवते. त्यामुळे "हिवाळ्यात फार उदास वाटतं" असं स्टॉकहोमहून पुण्याला फोनवर सांगितलं, की पलीकडून ठरलेलं उत्तर येतं: "घरची आठवण येत असेल, मन रमव कशात तरी."

माझं म्हणणं असं, की हा प्रश्न मनाच्या खंबीरपणाचा नाहीच मुळी, उजेडाचा आहे. डिसेंबरच्या अखेरीस पुण्यात दिवस ११ तासांचा असतो, स्टॉकहोममध्ये जेमतेम ६. पावणेनऊला उजाडतं आणि तीनच्या आत मावळतं! त्यात वर्क फ्रॉम होम, म्हणजे तेवढंही ऊन खिडकीबाहेरच. या उदासीला 'सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर' हे नाव नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दिलं. म्हणजे हे आपले लाड नव्हेत.

मग करायचं काय? घरातल्या दिव्यांचा उजेड काहीशे लक्सच भरतो. बाहेर ढगाळ दुपारीही त्याच्या काही पट असतो. म्हणून लंच टाइममध्ये मीटिंग घेऊ नका, सरळ अर्धा तास बाहेर पडा. सकाळी १०,००० लक्सच्या दिव्यासमोर अर्धा तास बसणं हाही उपचार आहे, पण डोळ्यांचा विकार किंवा बायपोलर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि दोन आठवड्यांनंतरही उठावंसंच वाटेना, तर उन्हाळ्याची वाट बघत बसू नका, डॉक्टर गाठा.

असो. घरी सांगताना मात्र "मूड नाही" म्हणू नका. "ऊन नाही" म्हणा. आईला लगेच कळतं.